सारख्या दिसणाऱ्या दोन फुलांचा फोटो

३ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू घाबरणार, म्हणून आधीच सांगतो. मी जिवंत आहे, दोन वेळा जेवतो आहे आणि सवडीप्रमाणे भांडतोही आहे.

डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. काढला तो नीट, पण भिंगाच्या मागची पिशवी ऐनवेळी फाटली, त्यामुळे नवीन भिंग बसवता आलं नाही. डॉक्टर म्हणाले, तीन महिने जाऊ देत, मे महिन्यात दुसरं ऑपरेशन करू. तोवर जाड प्लास्टिकच्या काचांचा चष्मा. पन्नास वर्षं लोकांचे चेहरे फोकसमध्ये आणले आणि आता माझ्याच डोळ्यात लेन्स नाही! मामी असती तर आठवडाभर हसली असती.

आता मुद्द्याचं. चष्मा काढला की त्या डोळ्याला सगळं धुरकट दिसतं, पण त्या धुरकटात एक भलताच रंग दिसतो. समोरच्या बेकरीत माश्या मारायचा निळा दिवा टांगलाय. उजव्या डोळ्याने बघितला तर मिणमिणता. डाव्याने बघितला तर आत कोणी वेल्डिंग करतंय असं वाटतं. माझ्या स्टुडिओच्या पायरीवर पिवळ्या फुलांच्या दोन कुंड्या आहेत ना, त्याच बघ. सगळी दुनिया म्हणते दोन्ही सारख्या. मला डाव्या डोळ्याने त्या अजिबात सारख्या दिसत नाहीत. एकीच्या फुलांवर कसलीतरी फिकट जांभळट झळाळी आहे. जांभळट म्हणतो कारण दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

माझ्या मुलाला, तुझ्या दादाला सांगितलं. तो फोनवर म्हणाला, "हो हो बाबा." पोरी, या "हो हो"ची मला भीती वाटते. तुझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. कपाटावर बाई बसलीय म्हणायची आणि आपण सगळे मान डोलवत "हो हो" करायचो. तेव्हा सगळ्यांत जास्त मान मीच डोलवली. आता तिच्या भावाचा नंबर आलाय की काय, हे मला कळलं पाहिजे.

दादाचं ठरलंय. ऑपरेशन झालं की स्टुडिओला कुलूप, आणि मी त्याच्या सहाव्या मजल्यावर. एकटा राहणारा म्हातारा नसत्या गोष्टी बघायला लागला, तर मुलगा दुसरं काय करणार? त्याचंही चूक नाही.

तू त्वचेच्या दवाखान्यात दिवसभर ते जांभळे दिवे घेऊन लोकांचे डाग तपासतेस. तुमच्याकडे कोणी शहाणं असेल तर विचार. आणि जे काही निघेल ते आधी मला, कागदावर. फोनवरचं मला दिसत नाही आणि त्यावर माझा विश्वासही नाही.

तुझा एका डोळ्याचा मामा


१२ फेब्रुवारी

प्रिय मामा,

आधी मला चार शिव्या घाल, कारण ऑपरेशनच्या वेळी मी आले नाही. घातल्यास? आता ऐक.

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई बसतात. त्यांना जिन्यात गाठलं. त्या घाईत होत्या, पण तुझं ऐकून जिन्यातच थांबल्या. त्या म्हणाल्या, आपल्या डोळ्यातलं भिंग नुसतं फोकस करत नाही, ते जांभळ्याच्या पलीकडचा उजेड, म्हणजे अतिनील, बाहेरच अडवून ठेवतं. भिंग काढलं आणि नवीन बसवलं नाही, की तो थोडासा आत शिरतो. काही पेशंट सांगतात म्हणे, रंग वेगळे दिसतात म्हणून. मग त्यांनीच पुढे जोडलं, "पण वय चौऱ्याहत्तर असेल तर दुसरंही काही असू शकतं. नुसत्या ऐकण्यावरून मी सांगणार नाही."

म्हणजे दोन शक्यता आहेत. एक तर फुलावर खरंच काहीतरी आहे जे आम्हा कोणालाच दिसत नाही. नाहीतर ते फक्त तुझ्या डोक्यात आहे. मग मी विचार केला, तिसरा डोळा आणू! कॅमेऱ्याला आई नाही, वय नाही, त्याला भास होत नाहीत.

म्हणून मी कॅमेरा घेतला. साधाच, जुना डिजिटल, लेन्स बदलता येणारा. एका दुकानात टोपलीत पडला होता. कॅमेऱ्याच्या पोटात, फोटो जिथे उमटतो त्या पट्टीवर, एक निळसर काच चिकटवलेली असते. ती अतिनील आणि अवरक्त, म्हणजे तांबड्याच्या पलीकडचा न दिसणारा उजेड, दोन्ही अडवते, म्हणजे फोटो आपल्या डोळ्याला दिसतं तसेच यावेत. ती काच काढली की कॅमेऱ्याला सगळं दिसायला लागतं. तर मी रविवारी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, बावीस स्क्रू काढले आणि फ्लॅशच्या आतल्या कशाला तरी बोट लागून असा सणसणीत झटका खाल्ला की चमचे खाली पडले. कॅमेरा बंद होता, मामा! बॅटरीसुद्धा काढलेली होती!

पण काच निघाली. टीव्हीचा रिमोट कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं, तर त्याच्या नाकावरचा बल्ब पांढराफेक पेटलेला दिसला. डोळ्याला काही नाही आणि कॅमेऱ्यात दिवाळी उजळलीय. मी अर्धा तास एकटीच रिमोट दाबत बसले होते.

आता मला सांग पुढे काय करू. फोटोग्राफर तू आहेस.

भिंगरी


२० फेब्रुवारी

चि. भिंगरी,

गाढवपणाची हद्द झाली! फ्लॅशला जो विजेचा साठा लागतो तो बॅटरी काढली तरी तासन्‌तास आत बसून राहतो. चाळीस वर्षांपूर्वी माझा असिस्टंट याच कारणाने स्टुलावरून पडला होता. पुन्हा उघडशील तेव्हा आधी मला विचार. झटका खाल्लास ते बरंच झालं, आता लक्षात राहील.

पत्र चार वेळा वाचलं. चौथ्यांदा वाचताना लक्षात आलं की मी हसतोय. डॉक्टरीणबाईंना नमस्कार सांग. "दुसरंही काही असू शकतं" म्हणणारा माणूस मला आवडतो, निदान मान तरी डोलवत नाही.

मीही इकडे बसून नाही राहिलो. प्लास्टिकचा चष्मा लावला की तो रंग जातो, काढला की येतो. पण चष्म्याशिवाय फूल म्हणजे नुसता पिवळा डाग. मग डोकं चालवलं. फोटो पेपरच्या पाकिटाचा काळा कागद घेतला, टाचणीने बारीक भोक पाडलं आणि डोळ्याला लावलं. आपल्या पहिल्या खोका कॅमेऱ्याला लेन्स कुठे होती? भोकच होतं! भर उन्हात फूल असं स्वच्छ दिसलं की मी पायरीवर बसकणच मारली. आता मला त्या झळाळीची सीमा दिसते, ती कुठे सुरू होते आणि कुठे थांबते ते. बेकरीवाला विचारत होता, काका, सूर्यग्रहण आहे का?

पार्सलमध्ये तीन गोष्टी पाठवतोय. पहिली, रंगीत फिल्मचे काळेकुट्ट तुकडे. रोलच्या तोंडाशी उजेड लागून जो भाग जळतो तोच, धुतलेला. डोळ्याला तो काळा, पण अवरक्त त्यातून सरळ आरपार जातं. लेन्सवर दोन पदर चिकटव आणि आधी त्यावर हात बसव, ते सोपं आहे. दुसरी, माझ्या एन्लार्जरची, निगेटिव्हवरून मोठे फोटो काढायच्या यंत्राची लेन्स. नव्या लेन्सवर इतके लेप असतात की अतिनील आत शिरतच नाही. ही जुनी आहे, साधी आहे, माझ्यासारखी. कॅमेऱ्याच्या झाकणाला भोक पाडून पुठ्ठ्याच्या नळीत बसव, नळी पुढेमागे सरकवून फोकस कर.

तिसरं ते बंद पाकीट. त्यात मी भोकातून बघून दोन्ही फुलांची चित्रं काढली आहेत. तुझा फोटो निघेपर्यंत ते उघडायचं नाही. उघडलंस तर तुला जे बघायचंय तेच तू बघशील. आईची शपथ घालत नाही, तुला ते आवडत नाही. पण उघडू नकोस.

दादा कामासाठी तुझ्या गावाला येतोय. त्याच्या गाडीत दोन्ही कुंड्या देतो. बुडाला खडूने १ आणि २ लिहिलंय. कशासाठी हे त्याला सांगितलं नाही. "तिला फुलं आवडतात" म्हटलं, तर म्हणाला, "हो हो."

मामा


६ मार्च

प्रिय मामा,

दादा कुंड्या ठेवून गेला. गाडीत माती सांडली म्हणून चिडला होता, चहासुद्धा उभ्यानेच प्यायला. दाराशी जाऊन परत वळला आणि म्हणाला, "बाबांच्या नादी तू तरी लागू नकोस. आत्याच्या वेळी आपण उशीर केला." त्याचा चेहरा उतरला होता मामा, तो रागावलेला नाही, घाबरलेला आहे.

बरं, आता खूश हो. तुझे काळे तुकडे लावले आणि आमच्या रस्त्याला वेड लागलं! सोबत अकरा प्रिंट आहेत, सगळ्या कागदावर. कोपऱ्यावरचं मोठं झाड बघ, भर उन्हात बर्फ पडल्यासारखं पांढरंशुभ्र. हिरवं पान अवरक्त परतवून लावतं म्हणून ते पांढरं येतं, आणि आभाळ जवळजवळ काळं. आमच्या वॉचमनकाकांचं काळं जाकीट बघितलंस? ते मलईच्या रंगाचं आलंय. आणि कोपरावरचं ठिगळ, जे मला आजवर कधी दिसलंच नव्हतं, ते कोळशासारखं काळं. काकांना दाखवलं तर म्हणाले, "ठिगळ कळू नये म्हणून बायकोने तीन दुकानं पालथी घातली होती, आणि तुम्ही ते चव्हाट्यावर आणलंत!"

मला आता प्रत्येक गोष्टीकडे बघून वाटतं, ही खरी कशी असेल? काल बसमध्ये मी लोकांच्या काळ्या छत्र्यांकडे टक लावून बघत होते.

आता अतिनीलचं. आमच्याकडे मोडीत काढलेला एक तपासणीचा दिवा आहे, त्याची जांभळट काळी काच मला दिली. ती डोळ्याला दिसणारा उजेड अडवते आणि अतिनील सोडते. तुझ्या लेन्सची नळी तयार आहे. या रविवारी ऊन असेल तर १ आणि २ शेजारी ठेवून फोटो. पाकीट कपाटात आहे, वर इस्त्री ठेवलीय.

भिंगरी


२५ मार्च

प्रिय मामा,

पत्राला उशीर झाला. दवाखान्यात खूप गर्दी आहे, दोन जणी रजेवर आहेत. ऊनही धड पडत नाही. फोटोचं अजून काही नाही. तू डोळ्यात औषध वेळेवर घालतोस ना?

भिंगरी


२ एप्रिल

चि. भिंगरी,

आमच्याकडे रोज कडकडीत ऊन आहे आणि तुझं गाव काही दुसऱ्या सूर्याभोवती फिरत नाही.

दादा आला होता. फोन काढून माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "भिंगरीनेच काढलाय, बाबा. दोन्ही फुलं अगदी सारखी आहेत." त्या टीचभर काचेत मला दोन पांढरे ठिपके दिसले. तो वाईट बोलला नाही. उलट माझा हात धरला त्याने, आणि दहा वर्षांत त्याने माझा हात धरला नव्हता. तेव्हाच मला कळलं की संपलं.

मी त्याला हो म्हटलंय. एप्रिल संपला की सामान हलवायचं. एन्लार्जर कोणी शाळा घेईल का बघतोय तो. मी आज दुपारभर त्या भोकाच्या कागदाकडे बघत बसलो. दुनिया सारखी म्हणते, कॅमेराही सारखी म्हणतो, मग उरलो मीच. तुझ्या आईलाही ती कपाटावरची बाई अशीच स्वच्छ दिसत असेल, नाही का?

मला तुझ्यावर राग फोटोचा नाही. आधी मला, कागदावर, एवढंच मागितलं होतं. तू आधी दादाला पाठवलास आणि मला हवामान कळवलंस.

प्रिंट पाठव. खोटा ठरलो तर ठरलो, पण कशाने ठरलो ते हातात धरून बघू दे.

मामा


९ एप्रिल

मामा,

मला माफ कर असं लिहून तीन कागद फाडले.

त्या रविवारी फोटो काढला. दोन्ही फुलं पांढरी, एकसारखी, कुठे कसली कड नाही, झळाळी नाही. सोमवारी परत काढला. बुधवारी परत. मग मला रडूच आलं. आईची शेवटची तीन वर्षं मी काढलीत मामा, मला ते परत सुरू होताना बघवणार नव्हतं, आणि तुला कळवण्याची हिंमत नव्हती. म्हणून दादाला पाठवला, मनात म्हटलं तो काय ते ठरवेल. हात झटकले मी, दुसरं काय?

प्रिंट सोबत आहे, चांगल्या कागदावर, मोठी. पाकीट अजून उघडलेलं नाही. आता कशाला उघडू असं वाटलं.

तू माझ्याकडे राहायला येतोस का? माझं घर पहिल्या मजल्यावर आहे.

भिंगरी


१४ एप्रिल

भिंगरे!

अगं ए दीडशहाणे! खुर्चीवर बस आणि मग वाच.

तुझी प्रिंट काल आली. उजव्या डोळ्याला निगेटिव्ह तपासायचं भिंग लावलं आणि बघत बसलो. फुलांकडे नाही. फुलांकडे तुम्ही दोघं बघून मोकळे झालात. मी सवयीने आधी कडेकोपरे बघतो, गिऱ्हाईक फोटोत चेहरा बघतं, फोटोग्राफर पडद्याची सुरकुती बघतो. आणि मला पानं दिसली. पानं पांढरी आहेत, भिंगरी! फुलांची पानं बर्फासारखी पांढरी!

आता तुझं सहा मार्चचं पत्र काढ. नाही, ते माझ्याकडे आहे, मीच वाचून दाखवतो. "हिरवं पान अवरक्त परतवून लावतं म्हणून ते पांढरं येतं." हे कोणी लिहिलं? तू! पान अतिनील गिळून टाकतं, अतिनीलात ते काळं यायला हवं. तू काढलास तो अतिनीलचा फोटो नाहीच. तुमच्या दिव्याची ती जांभळी काच अतिनील सोडते, पण मागच्या दाराने अवरक्तही सोडत असणार. आणि तुझ्या कॅमेऱ्यात ते अडवायला आता काही नाही, कारण ती काच तू झटका खाऊन काढून ठेवलीस. उन्हात अवरक्त रग्गड, अतिनील चिमूटभर. त्या चिमटीवर बादली उपडी झाली आणि तुम्ही मला म्हातारा ठरवलंत!

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, तपासून बघ. जांभळी काच लावून समोर तुझा तो लाडका रिमोट धर, जरा जास्त वेळ घे. त्याचा बल्ब फिकट का होईना दिसला, तर गळतंय.

आता उपाय. माझ्या जुन्या स्लाइड प्रोजेक्टरमध्ये दिव्यापुढे एक हिरवट काच असते, दिव्याची धग फिल्मपर्यंत जाऊ नये म्हणून. धग अडवते म्हणजे अवरक्त अडवत असणार. अतिनील सोडते की नाही, देव जाणे, मला माहीत नाही. प्रोजेक्टर फोडून ती काढलीय, सोबत आहे. जांभळ्या काचेवर ही लाव. पानांवर लक्ष ठेव. पानं काळी झाली की मगच फुलांकडे बघ. पानं काळी होऊनही फुलं सारखीच निघाली, तर मी दादाबरोबर मुकाट्याने जाईन, आणि "हो हो" म्हणाल ते ऐकून घेईन.

काल रात्री पहिल्यांदा झोप लागली.

मामा


२४ एप्रिल

मामा, मामा, मामा,

क्रमाने सांगते, नाहीतर सगळं एकदम सांडेल.

शनिवारी तुझं पार्सल आलं. आधी फक्त जांभळी काच लावून रिमोट दाबला. दिसला! फिकट, पण दिसला, दात काढून हसल्यासारखा. म्हणजे मी तीन वेळा अवरक्तच टिपून आले आणि तीन वेळा रडले. मग तुझी हिरवट काच वर चिकटवली. रिमोट गायब. अंगठा दुखेपर्यंत दाबलं, काही नाही.

रविवारी बारा वाजता गच्चीवर. वॉचमनकाका वारा अडवायला पुठ्ठा धरून उभे, अंगात तेच जाकीट. आधीचे दोन फोटो नुसतेच काळे. उजेड इतका कमी की वीस सेकंद उघडं ठेवावं लागलं, आणि बरोबर अठराव्या सेकंदाला फूल हलायचं. सातवा फोटो हलला नाही. मी तू सांगितलंस तसं फुलांवर अंगठा ठेवला आणि आधी पानं बघितली. काळी, मामा. शाईसारखी काळी.

मग अंगठा काढला.

दोन नंबरचं फूल अख्खं काळसर, पानांत मिसळून गेलेलं. आणि एक नंबरच्या पाकळ्यांची टोकं उजळलेली, आत मधोमध गडद वर्तुळ, जणू कोणी कंपास फिरवलाय. काका म्हणाले, "ताई, ही तर दोन वेगळी फुलं आहेत!" मी त्यांना मिठीच मारली. ते पुठ्ठा सोडायला तयार नव्हते.

मग खाली येऊन इस्त्री उचलली आणि पाकीट उघडलं. तुझ्या चित्रात एक नंबरच्या पाकळीला टोकापासून जवळजवळ अर्ध्यापर्यंत पेन्सिलीच्या रेघा आहेत, फोटोतही कड तिथेच आहे. दोन नंबरच्या फुलाशेजारी तू लिहिलंस, "इथे काहीही नाही." आणि खाली तारीख, एकोणीस फेब्रुवारी. दोन महिने ते माझ्या कपाटात होतं. तू बरोबर होतास आणि वर इस्त्री होती.

दोन प्रिंट काढल्या. एक तुला, या पाकिटात. दुसरी दादाला, पोस्टाने, तुझ्या चित्राच्या झेरॉक्ससकट. आधी तुझी टाकली, मग त्याची. पोस्टातल्या बाईंना विचारून खात्री करून घेतली.

डॉक्टरीणबाईंनी फोटो बघितला. त्या म्हणाल्या, दुसरं ऑपरेशन केलं की हा रंग जाईल, नव्या भिंगातच अतिनील अडवायची सोय असते. नको असेल तर मामांना चष्म्यावर राहता येईल, घाई नाही. मग तू काय करणार?

भिंगरी


७ मे

चि. भिंगरी,

उद्या ऑपरेशन. करून घेतोय. रंग चांगला आहे, पण त्या जाड चष्म्याने मला जिन्याची पायरी एकाऐवजी दोन दिसतात. रंग खरा होता एवढं कळलं, ते मला पुरेसं आहे.

दादा शनिवारी आला. कुंड्याही तुझ्याकडून घेऊन आला, या वेळी खाली वर्तमानपत्र घातलं होतं. हातात तो फोटो आणि झेरॉक्स. पायरीवर माझ्या शेजारी बसला, पँट मळेल याचीही फिकीर नाही, आणि म्हणाला, "बाबा, कसा असतो तो रंग?"

पोरी, मला सांगता आलं नाही! दुधात जांभूळ, म्हटलं. नाही, तसंही नाही. चांदी, म्हटलं. तेही नाही. अर्धा तास मी चाचपडत होतो आणि तो ऐकत होता. एकदाही "हो हो" म्हणाला नाही. दोनदा म्हणाला, "मला नाही कळलं, परत सांगा." भोकाचा कागद त्याच्या डोळ्याला लावून बघितला त्याने. त्याला अर्थातच काही दिसलं नाही, आणि त्याने तसं सांगितलं.

तेव्हापासून तुझी आई डोक्यात आहे. कपाटावर बाई नव्हतीच, मला माहीत आहे. पण भिंगरी, मी एकदा तरी स्टुलावर चढून बघायला हवं होतं गं. बघून खाली उतरून म्हणायला हवं होतं, "ताई, मला नाही दिसली, कशी आहे ती सांग." पन्नास वर्षं फोटो काढले मी. बघणं हाच माझा धंदा, आणि बहिणीसाठी मी स्टुलावर चढलो नाही.

दुपारी बेकरीत जाऊन त्या निळ्या दिव्याचा निरोप घेतला. बेकरीवाला म्हणतो, काका, तुमचं काय बिनसलंय?


१९ मे

पत्र अर्धंच राहिलं होतं, ते पुढे लिहितोय.

पट्टी निघाली. तुझं अक्षर आता नीट दिसतं आणि ते किती वाईट आहे ते कळलं. बेकरीतला दिवा मिणमिणता झालाय. दादाने एन्लार्जरबद्दल शाळेला नकार कळवला. कुलूपही आणलेलं परत केलं म्हणे, साखळीसकट.

आज सकाळी काठी न घेता पायरीवर गेलो. दोन्ही कुंड्या उन्हात होत्या. बराच वेळ बघितलं, भोकातूनही बघितलं. दोन्ही पिवळ्या, दोन्ही अगदी सारख्या. मला माहीत होतं असं होणार, तरी जरा वाईट वाटलंच. कुठली कुठली ते बघायला कुंडी उचलून बुडाचा खडू शोधावा म्हणून वाकलो, तर गरज पडली नाही. दादा जायच्या आधी कधीतरी रंग घेऊन बसला असणार. दोन्ही कुंड्यांवर समोरच्या बाजूला, उभ्याने वाचता येतील एवढे मोठे आकडे काढलेत, १ आणि २.

मामा